जुव्याच्या टेकडीवरून

शिवजयंतीच्या आदल्या रात्री राजगुरुनगरात लवकर झोप लागत नाही. शिवनेरीवर पेटवलेल्या ज्योती घेऊन तरुणांचे जथे नारायणगाव, मंचर मागे टाकीत पुणे-नाशिक रस्त्याने खाली येत असतात. एकाच्या हाती मशाल, बाकीचे मागे धावणारे. दमला की मशाल दुसऱ्याकडे जाते. कोणी चाकणचा, कोणी पुण्याचा, कोणी त्याहून दूरचा. त्यांच्या गावाची नावे मागून येणाऱ्या टेम्पोवर लिहिलेली असतात. या धावण्यात कोणी पहिला नाही, कोणी शेवटचा नाही. विझू न देता पोहोचवणे एवढाच त्यातला नियम.

माझा भाचा चाकणच्या एका कारखान्यात पाळीवर काम करतो आणि सुटीच्या दिवशी डोंगरवाटांवर धावतो. पक्क्या रस्त्यावर धावण्याचा त्याला कंटाळा आहे. सिंहगड-राजगड-तोरणा अशी डोंगरातून धावण्याची शर्यत आता आपल्या जिल्ह्यातच होते. तिचे वेड घेतलेल्या मुलांपैकी तो एक. सरावासाठी तो भोरगिरीहून भीमाशंकरला जाणारी रानवाट धरतो. गेल्या पावसाळ्यानंतर एकदा घरी आला आणि म्हणाला, “मामा, आता एखाद्या बेटावर धावायचंय. नुसतं सुंदर नको, जिथे काही घडलंय असं बेट सांगा.” मी म्हटले, “जुवे.” त्याला ते नावही ठाऊक नव्हते. गोव्याला चार वेळा जाऊन आलेला मुलगा! त्याला तोंडी जे सांगितले तेच येथे थोडे विस्ताराने लिहीत आहे; कारण जुव्याची गोष्ट आपण मराठी कॅथलिकांनी नीट सांगितलेली नाही. आपल्यापैकी काहीजण ती ऐकताना मान खाली घालतात, तर काहीजण ती ऐकणेच टाळतात.

धावण्याचा आणि श्रद्धेचा संबंध आपल्याला नवा नाही. संत पौलाने करिंथकरांना लिहिताना शर्यतीच्या मैदानाचा दृष्टांत दिला, तो त्या लोकांना लगेच कळला असणार. करिंथजवळच इस्थमियाचे खेळ भरत असत आणि जिंकणाऱ्याला पानांचा, म्हणजे सुकून जाणारा, मुकुट मिळत असे. जुव्यावरची धाव मात्र मुकुटासाठी नव्हती. ती जीव वाचवण्यासाठी होती आणि ती धावणारा माणूस पोर्तुगालच्या राजाचा विजरई होता.

मांडवी नदी समुद्राला मिळण्यापूर्वी बेटांच्या मध्यातून वाट काढते. चोडण, दिवाडी, कुंभारजुवे आणि जुवे ही त्यांतली मोठी नावे. जुव्याला पोर्तुगिजांनी संत स्तेफनाचे नाव दिले: सांतु इस्तेव्हांव. जुने गोवे, म्हणजे त्या काळची राजधानी, येथून कोसा-दीड कोसावर. बेटाच्या मध्यावर टेकडी, टेकडीवर किल्ला, आणि टेकडीच्या पायथ्यापासून नदीपर्यंत सपाट खाजण जमीन. खाजण म्हणजे भरतीच्या पाण्यापासून बांध घालून मिळवलेली शेती. बांधात जागोजाग लाकडी दारे असतात. ओहोटीला ती उघडून पावसाचे पाणी बाहेर जाते, भरतीला ती मिटून खारे पाणी अडवतात. या दाराला गोव्यात ‘मानस’ म्हणतात. (मनाला मानस म्हणणाऱ्या आपल्या भाषेत हा शब्द किती शोभतो, हे मला तेथे उभे राहिल्यावर जाणवले.) वसईच्या ज्या वाचकांनी मिठागरे आणि खारबंद्या पाहिल्या आहेत त्यांना निराळे समजावून सांगण्याची गरज नाही. अशा जमिनीवर चालायचे तर बांधावरूनच चालता येते. खाली पाय घसरला की ओहोटीत चिखल आणि भरतीत पाणी.

सन 1683 च्या अखेरीस गोव्याचे विजरई होते फ्रान्सिस्कु द ताव्होरा, आल्व्होरचे काउंट. छत्रपती संभाजीराजांशी त्यांचे बिनसले होते. एका बाजूने औरंगजेब दक्षिणेत उतरलेला, दुसऱ्या बाजूने त्याचाच बंडखोर मुलगा अकबर संभाजीराजांच्या आश्रयाला आलेला. आणि पोर्तुगीज हे मोगलांकडे झुकत होते. नोव्हेंबरच्या आरंभी विजरईंनी मराठ्यांच्या फोंडा किल्ल्याला वेढा घातला. किल्ल्यात येसाजी कंक आणि त्यांचा मुलगा कृष्णाजी होते. तटाला खिंडार पडले, पण किल्ला पडला नाही. संभाजीराजे स्वतः कुमक घेऊन आले, तेव्हा विजरईंना दुर्भाटच्या वाटेने परत फिरावे लागले. कृष्णाजी कंक त्या लढाईच्या जखमांनी पुढे वारले. बापलेकांनी लढवलेला तो किल्ला आज पाहायला गेलात तर पाहण्यासारखे फार उरलेले नाही.

त्यानंतर दोन आठवडेही झाले नाहीत तोच 24 नोव्हेंबरच्या रात्री, दहाच्या सुमारास, ओहोटी लागलेली असताना चाळीसएक मराठे पाण्यातून आणि चिखलातून जुव्यावर चढले आणि त्यांनी टेकडीवरचा किल्ला घेतला. शिबंदी कापली गेली. जुन्या गोव्यात तोफ उडाली, चर्चच्या घंटा घणघणू लागल्या. राजधानीत लोक जागे झाले आणि नदीपलीकडच्या काळोखाकडे पाहत राहिले. आज संत फ्रान्सिस झेवियरच्या सणापूर्वीची नोव्हेना बरोबर 24 नोव्हेंबरला सुरू होते. जुन्या गोव्याच्या त्या आवारात पहाटे लोटणाऱ्या भाविकांपैकी किती जणांना त्या तारखेची दुसरी ओळख असेल?

दुसऱ्या दिवशी सकाळी विजरई सुमारे चारशे माणसे घेऊन जुव्यात उतरले. ताव्होरा हा भित्रा माणूस नव्हता, हे कबूल केले पाहिजे; राजधानीत बसून दुसऱ्याला पाठवणे त्याला शक्य होते. तो स्वतः टेकडी चढू लागला. वरून मराठे उतरले. मग जे झाले ते डॉ. पांडुरंग पिसुर्लेकरांनी पोर्तुगीज दप्तरांतून मराठी वाचकांसमोर आणले आहे, आणि त्या वेळी गोव्यातच असलेला व्हेनिसचा निकोलाव मनुची यानेही त्या दिवसांविषयी लिहून ठेवले आहे. पोर्तुगीज फळी मोडली. विजरईंच्या दंडाला जखम झाली. टेकडीवरून नदीपर्यंत पळापळ सुटली. पुढे पोर्तुगीज, मागे मराठा घोडेस्वार. बांध अरुंद, त्यावर एका वेळी किती माणसे मावणार? बाकीचे शेतात उतरले आणि चिखलात रुतले. कित्येक नदीत बुडाले. विजरई कसेबसे होडीपर्यंत पोहोचले.

हे अंतर फार नाही. टेकडीच्या माथ्यापासून नदीकाठ गाठायला माझ्या भाच्यासारख्या मुलाला काही मिनिटे पुरतील. परंतु चिलखत, बूट, जखमी हात आणि मागून येणाऱ्या टापांचा आवाज यांसह ते अंतर किती वाढत असेल याचा अंदाज बांधावर उभे राहिल्याशिवाय येत नाही. मी एकदा उभा राहिलो आहे. डाव्या हाताला पाणी, उजव्या हाताला भाताची खाचरे, समोर दिवाडीची हिरवी कड. इतकी शांत जागा की बगळ्याचे पंखही ऐकू येतात.

आता याच धावेचा दुसरा भाग. पळणाऱ्यांचा पाठलाग करीत संभाजीराजे स्वतः नदीपर्यंत आले. मानशीची दारे उघडली गेल्याने, किंवा बांध फुटल्याने, शेतांत पाणी भरत होते आणि भरतीही चढत होती. आपल्या बखरी सांगतात की राजांचा घोडा प्रवाहात ओढला गेला आणि खंडो बल्लाळ चिटणीसांनी पाण्यात उडी घेऊन त्यांना वाचवले. हाच तो खंडो बल्लाळ, ज्याच्या वडिलांना, बाळाजी आवजींना, याच राजांच्या हुकुमाने दोन वर्षांपूर्वी देहान्त शिक्षा झाली होती. बखरीतील तपशील किती काटेकोर मानायचा यावर अभ्यासकांत मतभेद होऊ शकतात. मला स्वतःला हा प्रसंग खरा वाटतो, तो त्यातल्या शौर्यामुळे नव्हे. बापाच्या मृत्यूला कारण झालेल्या धन्यासाठी मुलगा पाण्यात उडी घेतो, असली गोष्ट रचून सांगणाऱ्याला सुचणे कठीण असते.

म्हणजे एकाच दिवशी, एकाच बांधावर, दोन्ही बाजूंचे मुख्य पुरुष मरता मरता वाचले. त्या पाण्याने धर्म विचारला नाही.

पराभवानंतर विजरई धर्मगुरूंसह बॉम जेझसच्या चर्चमध्ये गेले. संत फ्रान्सिस झेवियरचे पवित्र अवशेष 1624 पासून तेथे आहेत. पेटी उघडण्यात आली आणि विजरईंनी आपला राजदंड व राजाची अधिकारपत्रे संताच्या देहापाशी ठेवली: आता हे राज्य तुम्हीच सांभाळा. पुढे गोव्याचे राज्यपाल अधिकारसूत्रे घेताना तो दंड संताकडून स्वीकारीत, तो रिवाज या रात्रीपासूनचा. गोव्याचा सायब हे झेवियरचे नाव भाविकांच्या ओठांवर आहे, त्यामागेही ही रात्र उभी आहे. झेवियर स्वतः बेटावरच वारला होता, 3 डिसेंबर 1552 रोजी, चीनच्या किनाऱ्याजवळच्या सांशियान बेटावर, जवळजवळ एकटा, जिथे जायचे होते तो देश समोर दिसत असताना. असा संत एका हरलेल्या विजरईची कैफियत ऐकून काय म्हणाला असेल, हे मला नेहमी कुतूहल वाटते.

मराठ्यांनी जुवे लवकरच सोडले. डिसेंबरात ते बार्देश आणि साष्टीत शिरले. तेथे जी लूट आणि जाळपोळ झाली ती आपण लपवू नये. चर्चांची नासधूस झाली, माणसे पकडून नेली. गोव्यातील आपल्या बांधवांच्या स्मरणात ती आहे. जानेवारी 1684 मध्ये औरंगजेबाचा मुलगा शाह आलम मोठी फौज घेऊन घाटावरून डिचोलीकडे उतरला आणि संभाजीराजांना मागे फिरावे लागले. गोवा वाचला. भाविक म्हणतात, संतामुळे. इतिहासाचे विद्यार्थी म्हणतात, मोगलांमुळे. संतानेच मोगलांची फौज धाडली असे म्हणण्याचे धाडस अद्याप कोणी केलेले ऐकिवात नाही!

येथवरची हकीकत बहुतेक इतिहासप्रेमींना माहीत असते. तिचा पुढचा दुवा मात्र क्वचितच जोडला जातो. संताच्या पायाशी दंड ठेवणाऱ्या याच आल्व्होरच्या काउंटने सात महिन्यांनी, 27 जून 1684 रोजी, एक हुकूम काढला. गोव्यातील लोकांनी आपली भाषा टाकून तीन वर्षांत पोर्तुगीज बोलू लागावे, असा तो हुकूम होता. धर्मग्रामांतील आणि शाळांतील शिकवणही पोर्तुगिजातच व्हावी. जुव्यावरच्या पळापळीमुळेच हा हुकूम निघाला असे म्हणणे घाईचे ठरेल; अशी मागणी काही धर्मसंघियांकडून होतच होती. परंतु सही करणारा हात तोच होता, दंडावर जखम झालेला. ज्याला शेजारच्या राजाची भीती वाटते त्याला आपल्या प्रजेची कुजबूजही शत्रूची वाटू लागते. तीन वर्षांत भाषा मारायची ही कल्पनाच त्या भीतीची उंची सांगते.

कोणती भाषा? ज्या भाषेत फादर थॉमस स्टीफन्स यांनी ‘ख्रिस्तपुराण’ लिहिले आणि जे 1616 मध्ये रायतूरला छापले गेले, तिचाच हा परिसर. स्टीफन्स इंग्रज होते, 1619 मध्ये गोव्यातच वारले. (पोर्तुगिजांच्या तोंडी त्यांचे आडनाव इस्तेव्हांव असेच व्हायचे, जुव्याशी त्याचा संबंध नाही, पण वाटेवरच्या पाटीवर ते नाव वाचताना आठवण होतेच.) ओवीत ख्रिस्तकथा सांगणाऱ्या या इंग्रज जेझुइटाला मराठी परकी वाटली नाही आणि पोर्तुगीज सरदाराला ती धोक्याची वाटली. आपण मराठी ख्रिस्ती साहित्याच्या पानांवर आज जे लिहितो-वाचतो ते कोणाच्या बाजूचे आहे, याचे उत्तर या दोन माणसांमध्ये उभे राहून द्यावे लागते. मला ते देताना अडखळावे लागत नाही. विजरईचा पराभव हा माझ्या धर्माचा पराभव नव्हता. मराठ्यांनी बार्देशात केलेली लूट ही माझ्या भाषेची थोरवी नव्हती.

शेजारच्या दिवाडी बेटावर तेव्हा सात वर्षांचा एक मुलगा होता. जाकोम गोन्सालव्हिस त्याचे नाव, जन्म 1676. जुव्यावरचा गलबला आणि राजधानीच्या घंटा त्या बेटावर ऐकू गेल्याच असतील. हा मुलगा पुढे फादर झाला, संत जोसेफ वाझ यांच्या मागोमाग श्रीलंकेत गेला आणि तेथे सिंहली शिकून तिच्यात ग्रंथावर ग्रंथ लिहिले. सिंहली कॅथलिक साहित्याचा तो जनक मानला जातो. स्वतःच्या मातृभाषेवर बंदी आलेल्या पिढीतला मुलगा दुसऱ्यांच्या मातृभाषेत शुभवर्तमान सांगतो. हुकूम काढणाऱ्या काउंटला श्रीलंकेत कोणी ओळखत नाही; जाकोमबाबांची पुस्तके तेथे आजही आदराने घेतली जातात. गोव्यात तो हुकूम कागदावरच जीर्ण झाला. दिवाडीच्या होडीवर कोकणी ऐकू येते, चर्चमध्ये कोकणी ऐकू येते.

भाच्याने येथे मला अडवले. “पण मामा, शिवज्योतीबरोबर धावताना मी यातलं काय सांगू? मुलं विचारतात, तू तर ख्रिश्चन ना?” प्रश्न त्याने हसत विचारला, पण तो हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. त्याला मी त्याच्याच वाटेची आठवण दिली. भोरगिरीहून निघालेली वाट शेकरूच्या रानातून गुप्त भीमाशंकरावरून चढते आणि देवळापाशी संपते. तेथे एक थोरली घंटा टांगलेली आहे, पोर्तुगीज घडणीची. 1739 मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतल्यानंतर तेथून आणून देवाला वाहिली, असे सांगतात. मेणवलीला, नाशिकच्या नारोशंकराच्या देवळात अशाच घंटा आहेत. मेणवलीच्या घंटेवर तर बाळ येशूसह मारियेची आकृती आहे. आमचे घराणे मूळचे वसईचे. माझ्या पूर्वजांनी ज्या चर्चमध्ये गुडघे टेकले असतील त्यापैकी एखाद्याची घंटा माझ्याच तालुक्यात, महादेवाच्या दारात, तीनशे वर्षांच्या आसपास वाजते आहे. ती पळवलेली म्हणावी की पाहुणी? मी वयानुसार दोन्ही उत्तरे दिली आहेत. हल्ली मी ती वाजवतो आणि खाली उतरतो.

भीमाशंकराला उगम पावणारी भीमा राजगुरुनगरातून आमच्या घाटाखालून वाहते आणि पुढे तुळापूरला इंद्रायणीला मिळते. 11 मार्च 1689 रोजी औरंगजेबाने संभाजीराजांना तेथे ठार केले. समाधी जवळच वढू बुद्रुकला आहे. जुव्याच्या पाण्यातून वाचलेला तो राजा सहा वर्षेही जगला नाही. अमानुष हाल सोसूनही तो नमला नाही, हे सांगताना आमच्या वाड्यातील वृद्ध स्त्रिया क्रुसाची खूण करीत, हे मी लहानपणी पाहिले आहे. यातना सोसून मरणाऱ्या माणसासमोर ख्रिस्ती माणसाचा हात आपोआप कपाळाकडे जातो. त्यासाठी कोणी तिला परवानगी दिली नव्हती आणि ती कोणी मागितलीही नव्हती.

भाचा हे ऐकून गप्प बसला. मग कागद ओढून त्याने जुव्याची वाट काढायला घेतली. आरंभ किल्ल्यापासून, जेथे आज भग्न तटांवर ख्रिस्तराजाचा पुतळा उभा आहे. तेथून उतार, मग गावातली घरे, भेंडीचे मळे (जुव्याची सात शिरांची भेंडी गोव्यात नावाजलेली आहे), मग चर्च, मग बांध, मग बेटाला वळसा घालून पुन्हा टेकडी. उताराने शर्यत सुरू करायची नाही, असे त्याचे म्हणणे. पाय आधीच भरून येतात. मी म्हटले, आल्व्होरच्या काउंटला ते कोणी सांगितले नव्हते. शर्यत कधी घ्यावी यावर आमचे एकमत झाले नाही. त्याला पावसाळ्यानंतरचा ऑक्टोबर हवा, मला नोव्हेनेचा पहिला दिवस. अखेर तो म्हणाला, आधी एकदा जाऊन एकट्यानेच धावून पाहतो. गाडीचे तिकीट काढण्यापूर्वी मांडवीच्या भरती-ओहोटीचे वेळापत्रक बघ, एवढेच मी त्याला सांगितले आहे.